कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? नवीन मशीन घेण्याआधी ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर असा तपासा



"सर, दुकानातला कॉम्प्युटर काम करता करता मध्येच गोठतो, नवीन घेऊ का?" फ्लेक्स, लग्नपत्रिका, फोटो अल्बम, व्हिडिओ एडिटिंग असा व्यवसाय करणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो. व्हिडिओत जे भराभर दाखवलं ते इथे सावकाश लिहितोय, म्हणजे मशीनसमोर बसून एकेक गोष्ट करत वाचता येईल. थोडक्यात उत्तर असं, की दोष नक्की कुठे आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. ड्रायव्हर बदलायला पैसे लागत नाहीत, धूळ साफ करायलाही नाहीत. एसएमपीएसला थोडे लागतात आणि ग्राफिक्स कार्डाला बरेच. तपासणीही याच क्रमाने करायची. बरेच जण मात्र शेवटाकडून सुरुवात करतात.

समजा, तुमचं दुकान चांद्याला आहे. मुळशी तालुक्यातलं चांदे, नांद्याच्या शेजारचं. एका अंगाला हिंजवडी, दुसरीकडे सूस आणि लवळे. धंद्यासाठी जागा चांगली: नवीन सोसायट्या, दुकानांची उद्घाटनं, वाढदिवसाचे बॅनर, लग्नसराई, गणपती. पण गिऱ्हाईक सकाळी डिझाइन सांगतं आणि संध्याकाळी फ्लेक्स चौकात लागलेला हवा असतो. बॅनर उद्या दिला तर त्याची किंमत शून्य, कारण वाढदिवस आजच होता. म्हणून आपल्यासाठी मशीन गोठणं हा आधी धंद्याचा प्रश्न आहे, कॉम्प्युटरचा नंतर.

आधी ऑर्डर बाहेर काढा

दुरुस्तीच्या नादात ऑर्डर अडकवू नका. तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे का, ते बघा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर ते नसतं. नसेल, तर बहुतेक वेळा असतं. एएमडी रायझनच्या जुन्या मालिकांमध्ये शेवटी 'जी' असलेल्यांत ते असतं, आणि ७००० मालिकेपासून पुढच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये कामापुरतं दिलेलं आहे.

असेल तर मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, ग्राफिक्स कार्ड बाहेर काढून ठेवा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरच्या एचडीएमआय पोर्टला लावा. कोरलड्रॉमध्ये बॅनर, पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड हे सगळं त्यावर आरामात होतं. फोटोशॉपही चालतं, थोडं जड जातं एवढंच. लांबलचक व्हिडिओ रेंडर करायचा असेल तर रात्री लावून ठेवावा लागेल. पण आजची ऑर्डर आज जाते, आणि 'कार्डाशिवाय मशीन गोठतं का?' ही सर्वात कामाची चाचणीही आपोआप सुरू होते. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

गोठणं सगळं सारखं नसतं

पुढच्या वेळी मशीन अडकलं की लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. अर्धा मिनिट थांबा आणि बघा.

कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? मागे गाणं चालू असेल तर ते नीट चालतंय का? दिवा चालतोय, गाणं चालतंय आणि फक्त चित्र थिजलंय, म्हणजे आतलं मशीन जिवंत आहे. संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर किंवा कार्डावर घ्यायचा. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बीप येते, स्क्रीन क्षणभर काळी होते, आणि नशीब चांगलं असेल तर तुमची फाईल समोर परत येते. आधी ती सेव्ह करा, बाकी सगळं नंतर.

कॅप्स लॉकचा दिवाही मेला आणि स्पीकरमधून एकसारखा 'घर्रर्र' आवाज येतोय, तर सगळं मशीन अडकलंय. तिथे एसएमपीएस, रॅम, कार्ड यांपैकी काहीही असू शकतं.

आणि माउस हलतोय, पण प्रत्येक क्लिकला दहा सेकंद लागतात? टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा बघा. तो सारखा १०० टक्क्यांवर असेल तर ग्राफिक्स कार्डाला दोष देऊ नका. तिथे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की काम होतं.

विंडोज स्वतःच वही लिहून ठेवतं

ग्राफिक्स कार्डाला काम दिलं की विंडोज साधारण २ सेकंद वाट बघतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते ड्रायव्हर स्वतः बंद करून पुन्हा सुरू करतं. स्क्रीन एकदम काळी होऊन परत येते ती यामुळेच. वारंवार असं झालं किंवा परत सुरू करणंच जमलं नाही, तर निळी स्क्रीन येते आणि त्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं लिहिलेलं असतं.

याची नोंद राहते. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. मशीन गोठलं त्या वेळेच्या आसपास ४१०१ क्रमांकाची नोंद आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग' असा मजकूर दिसला, तर ग्राफिक्सच्या बाजूने गडबड आहे हे जवळपास पक्कं. एवढं किचकट वाटत असेल तर 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा. तिथे तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात आणि त्या दिवशी काय काय इन्स्टॉल झालं तेही दिसतं. फुल्या मंगळवारपासून सुरू झाल्या आणि सोमवारी रात्री ड्रायव्हर अपडेट झाला होता, असं निघालं तर अर्धं काम तिथेच झालं.

एक सावधगिरी. 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद दाखवून कोणी "पॉवर सप्लाय गेलाय" असं ठामपणे सांगू लागलं तर लगेच मान्य करू नका. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. गोठलं म्हणून तुम्हीच बटण दाबून बंद केलंत, तरी तीच नोंद येते.

ड्रायव्हर: नवीन म्हणजे चांगला असं नाही

कालपर्यंत मशीन ठीक होतं आणि अपडेटनंतर गोठू लागलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, डिस्प्ले अडॅप्टर्स, कार्डाच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथे आधी चालू आवृत्तीचा नंबर आणि तारीख वहीत लिहून घ्या. मग 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते बटण पुसट असेल तर जुना ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचा, लॅपटॉप असेल तर शक्यतो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं दुकानाच्या मशीनवर नकोच.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर 'गेम रेडी' आणि 'स्टुडिओ' असे दोन प्रकारचे ड्रायव्हर मिळतात. 'गेम रेडी' नव्या गेमसोबत येतात, 'स्टुडिओ' हे डिझाइन आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर तपासून देतात. आपल्याला गेम खेळायचे नाहीत, तेव्हा 'स्टुडिओ' घ्या.

जुन्या ड्रायव्हरचे तुकडे उरून गोंधळ घालतात असं वाटलं तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत साधन आहे. नवीन ड्रायव्हरची फाईल आधी उतरवून ठेवा, रिस्टोअर पॉइंट बनवा, इंटरनेट बंद करा, सेफ मोडमध्ये जाऊन हे साधन चालवा आणि मग ड्रायव्हर टाका. इंटरनेट बंद ठेवायचं कारण, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालून मोकळं होतं. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री मात्र यातलं काहीही करू नका.

आता जुन्या कार्डांबद्दल, कारण छोट्या दुकानांत तीच जास्त दिसतात. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं बहुतांश केप्लर पिढीची. त्यांच्यासाठी एनव्हिडियाची ४७० ही ड्रायव्हर मालिका शेवटची. २०२१ नंतर त्यांना फक्त सुरक्षेचे अपडेट मिळाले आणि तेही सप्टेंबर २०२४ पर्यंतच. जीटी ७३० च्या नावाखाली त्याहून जुन्या फर्मी पिढीची कार्डंही विकली गेली, ती ४७० वर चालतच नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला म्हणून मशीन विंडोज ११ वर नेलं असेल आणि कार्ड हेच राहिलं असेल, तर सर्वात नवीन ड्रायव्हरच्या मागे धावून उपयोग नाही. त्याच्या पिढीचा शेवटचा ड्रायव्हर टाका आणि तिथेच थांबा.

एकाच सॉफ्टवेअरमध्ये मशीन गोठत असेल तर त्यातलं ग्राफिक्सचं काम बंद करून बघा. फोटोशॉपमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, परफॉर्मन्स इथे 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' वरची खूण काढा. क्रोममध्ये सेटिंग्जच्या सिस्टिम भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचं बटण आहे. एवढ्याने गोठणं थांबलं तर सध्या तसंच चालवा, काही बिघडत नाही.

धूळ, ऊन आणि वीज

ड्रायव्हर बदलूनही फरक नाही? मग कॅबिनेट उघडा. हिंजवडीच्या बाजूने बांधकामं वाढली तशी रस्त्यावरची धूळ वाढली आणि दुकानाचं शटर दिवसभर उघडं. कार्डाच्या पंख्याखाली जाजमासारखा थर बसतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं. काम चालू असताना ८० अंशांच्या आत असेल तर चिंता नाही. ९० कडे सरकत असेल आणि त्याच वेळी मशीन गोठत असेल, तर आधी सफाई. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भर्रकन फिरू देऊ नका.

पावसाळा हा मुळशीचा वेगळा विषय. दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्टीवर मळ धरतो. मशीनचा प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, कार्ड काढून ती पट्टी साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. रॅमलाही हेच करा. आपले दुरुस्तीवाले हा उपाय वर्षानुवर्षं करत आलेत आणि तो फुकट आहे.

वीज तपासताना वेळेकडे लक्ष द्या. रेंडर सुरू केल्याबरोबर गोठतं? शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचं वेल्डिंग सुरू झालं की गोठतं? मग एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग बघायला हवं. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण तेवढा भार तो झेलेलच असं नाही. यूपीएसच्या बाबतीतही तसंच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. छोट्या यूपीएसवर साधारण ३६० वॅटच मिळतात, आणि त्यावरच प्रिंटरही लावला असेल तर संपलंच.

आता कार्ड काढून केलेल्या चाचणीबद्दल. दोन-तीन दिवस कार्डाशिवाय काम केलं आणि तरी मशीन गोठलं, तर कार्ड निर्दोष. रॅम, डिस्क, एसएमपीएस बघा. गोठणं थांबलं, तर लगेच 'कार्डच खराब' असंही म्हणू नका! कार्ड काढल्यावर एसएमपीएसवरचा भारही कमी झालेला असतो. म्हणून कार्ड परत लावून, ओळखीच्या दुकानातून चांगला एसएमपीएस एका दिवसासाठी मागून आणा. त्यावर ठीक चाललं तर तुमचे कार्डाचे पैसे वाचले. त्यावरही गोठलं, आणि हेच कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्येही गोठलं, तर मात्र कार्ड गेलं.

कार्ड गेलंच असेल तर

"चिप गरम करून देतो, रिबॉलिंग करतो, चालेल" असं सांगणारे भेटतील. चिपच्या आतली जोडणीच सुटलेली असेल तर उष्णता देऊन ती काही आठवडे धरते आणि परत सुटते. २००८ साली लॅपटॉपच्या काही चिपमध्ये असाच जोडणीचा दोष निघाला, तेव्हा खुद्द एनव्हिडियाने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. घरच्या जुन्या मशीनवर हा प्रयोग करा हवा तर. लग्नसराईत ज्या मशीनवर धंदा उभा आहे, त्यावर माझ्या मते नको.

सेकंडहँड घेताना दोन गोष्टी. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं ग्राफिक्स कार्डावर होणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नाहीत, पण पंखा आणि तापमान समोर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी गोष्ट, जुन्या कार्डावर नव्या कार्डाचं नाव चढवून विकतात. 'जीपीयू-झी' हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. अशी बरीच बनावट कार्डं ते ओळखतं आणि नावापुढे 'फेक' लिहून दाखवतं.

नवीन घेणार असाल तर आधी आपल्या जुन्या कार्डाचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. बऱ्याच ब्रँडची ३ वर्षांची असते आणि आपण ती विसरलेलो असतो. नव्याचं बिल व्यवसायाच्या नावाने, जीएसटी नंबर टाकूनच घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. तुम्ही जीएसटीच्या नियमित योजनेत असाल तर कराची वजावट मिळते, कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. बिलाचा फोटो काढून त्याच दिवशी मेलवर टाका, कारण ती शाई वॉरंटीपेक्षा लवकर उडते.