कंबरेंतले स्क्रू

वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रांत काजूचीं कलमें बांधतात. बांधणारी पट्टी म्हणजे कलम नव्हे. दोन्ही लाकडें एकजीव होईपर्यंत तीं हलूं न देणें, एवढेंच तिचें काम. कंबरेचे मणके सांधतांना बसविलेल्या टिटॅनियमच्या स्क्रूंचें कामहि हेंच. खरा सांधा हाडाचा. न्यूयॉर्कच्या हिब्ज व आल्बी या शल्यविशारदांनीं 1911 सालीं क्षयग्रस्त मणके सांधले, ते केवळ हाडाच्या बळावर.

हाड जुळलेंच नाहीं, तर प्रत्येक उठण्याबसण्याचा भार धातूवर पडत राहतो. धातूहि थकतो. स्क्रू सैल होतो, क्वचित् मोडतो. विरळ हाडें, मधुमेह, आणि विशेषतः धूम्रपान यांनीं हा धोका वाढतो. विडी सोडा म्हणणारा डॉक्टर येथें नीतिपाठ देत नसतो!

कांहीं महिने बरी असलेली कंबर पुन्हा दुखूं लागली, तर हाड न जुळल्याची शंका घ्यावी. उलट शुद्धीवर येतांच पायांत नवी कळ उठली, तर तिरक्या स्क्रूनें मज्जातंतूस डिवचलें काय, हें सीटी स्कॅननें पाहावें लागतें. ताप व जखमेंतून पू येणें हें जंतुसंसर्गाचें लक्षण. पाय लुळे पडले वा लघवी तुंबली, तर उद्यांची वाट पाहूं नये. मात्र चित्रांत स्क्रू सैल दिसला, एवढ्यानेंच पुन्हा शस्त्रक्रिया लागते असें नाहीं.

घरीं जातांना बसविलेल्या धातूच्या वेष्टनावरील क्रमांकाची चिठ्ठी मागून घ्यावी. अशा साधनांपासून झालेल्या अपायांची नोंद करण्याचा सरकारी कार्यक्रम 2015 पासून चालू आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे रोग्यालाहि तक्रार धाडतां येते, आणि तींत हा क्रमांक लागतो.