प्रभातच्या गेटवरची हिरॉईन

ऑफर लेटरवर सही करताना त्यातला बॉण्डचा क्लॉज तुम्ही नीट वाचला होता? खरं सांगा. नोटीस पीरियड किती, मधेच सोडलं तर किती पैसे भरायचे, बाहेर फ्रीलान्स केलं तर काय होतं? आपल्यापैकी बहुतेकजण पॅकेजचा आकडा बघतात, खाली सही ठोकतात आणि संध्याकाळी पार्टी मागणाऱ्या मित्रांना घेऊन एफसी रोडला जातात. बाकीचा कागद आठवतो तो दोन वर्षांनी, एचआरसमोर बसल्यावर.

आता कल्पना करा, तुम्ही कंपनीचा सगळ्यात मोठा चेहरा आहात. पोस्टरवर तुम्ही, गाणी तुमची, रांगा तुमच्यासाठी. आणि तरीही वाद झाला तेव्हा तुमच्याकडे करायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे ऑफिसच्या गेटवर जाऊन उपाशी बसणं.

हे घडलंय. पुण्यातच घडलंय. १९३९ साली, प्रभात स्टुडिओच्या दारात. आज आपण ज्याला एफटीआयआय म्हणतो, त्याच जागेवर. बसलेली बाई होती शांता आपटे, प्रभात फिल्म कंपनीची स्टार, वयानं जेमतेम विशी ओलांडलेली. म्हणजे तुमच्या टीममधल्या त्या नवीन जॉइन झालेल्या मुलीएवढी.

गणपतीतलं गाणं ते पडदा

शांताचा जन्म १९१६चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. वडील स्टेशनमास्तर आणि गाण्याचे शौकीन. मुलीचा गळा लहानपणीच लक्षात आला आणि पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिचं शिक्षण झालं. पुण्यात गणेशोत्सवात ती गायची. त्या काळात टॅलेंट हंट नव्हता, एसएमएस करून वोट द्यायची सोय नव्हती. मांडवात गाणारी मुलगी कुणाच्या तरी कानावर पडायची आणि तिथून पुढचं सुरू व्हायचं. भाऊ बाबूराव आपटे तिचं सगळं बघायचा. मॅनेजर म्हणा, पहारेकरी म्हणा.

१९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये ती राधा झाली. बोलपट नुकताच बोलायला लागला होता आणि ज्याला गाता येतं त्याचं नशीब उघडत होतं. प्लेबॅक अजून रुळायचा होता, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर उभं राहून, माईक कुठे लपवलाय त्याचं भान ठेवून, त्याच वेळी अभिनय करत गायचं! आजच्या ऑटोट्यूनच्या जमान्यात हे मल्टिटास्किंग जरा डोळ्यांसमोर आणा. 'श्यामसुंदर' मुंबईत पंचवीस आठवडे चालला.

मग प्रभात. कोल्हापूरला १९२९मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि पैशाचं बघणारे सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. तुतारी वाजवणाऱ्या बाईचा लोगो तुम्ही नक्की बघितला असेल, निदान प्रभात रोडवरून जाता-येता नाव तरी वाचलं असेल. तो रस्ता पहाटेवरून नाही, या कंपनीवरून ओळखला जातो. (हे मला माहीत असलेल्या किमान चार आयटीवाल्यांना नव्यानं सांगावं लागलंय.)

पुण्यातला प्रभातचा पहिला मोठा सिनेमा 'अमृतमंथन', १९३४चा. त्यात शांता आपटे होती आणि संगीत केशवराव भोळ्यांचं होतं. गंमत म्हणजे तोवर पडद्यावरच्या बायका गाणं म्हणताना एका जागी खिळल्यासारख्या उभ्या राहायच्या. शांता हलायची. डोळे फिरवायची, हात उडवायची, शब्दाबरोबर चेहरा बदलायची. आज आपल्याला यात काहीच विशेष वाटणार नाही, कारण तेच नंतर सगळ्यांनी केलं. १९३६च्या 'अमरज्योती'त ती राजकन्या होती, समोर दुर्गा खोटे चाच्यांची म्होरकी.

नीराचा 'नाही'

आणि मग १९३७ला आला 'कुंकू'. हिंदीत 'दुनिया न माने'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनी केलेला. गोष्ट अशी, की नीरा नावाच्या अनाथ मुलीचं लग्न तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी लावून देतो. ती घरात येते, पण बायको व्हायला नकार देते. बस. रडत नाही, विहिरीकडे धावत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून म्हणते, हे लग्न मला मान्य नाही. घरातल्या जवान सावत्र मुलाची नजर वाईट असते, तिथेही ती गप्प बसत नाही.

१९३७ साल लक्षात घ्या. ज्या घरांतून प्रेक्षक आले होते त्यांतल्या कित्येक घरांत अशीच लग्नं झालेली होती.

सिनेमात पार्श्वसंगीत नाही. म्हणजे अजिबात नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे टोले, ग्रामोफोन, बाहेरचा रस्ता. आज एखाद्या फेस्टिव्हलला असं काही दाखवलं तर आपण इंटरव्हलमध्ये कॉफी घेत त्याच्यावर चर्चा करू. केशवराव दाते काकासाहेब झालेत आणि त्यांचं काम असं, की त्या म्हाताऱ्याचा राग यायच्या जागी कुठेतरी पोटात कालवतं. फुटलेल्या आरशात त्याला स्वतःचेच चेहरे दिसतात तो प्रसंग बघाच. त्याच सिनेमात सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, रँग्लर परांजप्यांची केंब्रिजला शिकलेली मुलगी आणि सई परांजप्यांची आई. आणि शांतानं एक आख्खं इंग्रजी गाणं गायलंय, लाँगफेलोची कविता, पाश्चात्त्य साथीवर. नऊवारी-पाचवारीच्या जगातली मुलगी मधेच इंग्रजीतून आयुष्याबद्दल गाते आणि ते ओढूनताणून वाटत नाही. मला तरी वाटलं नाही.

'कुंकू'नंतर शांता आपटे म्हणजे बंडखोर मुलगी हे समीकरण पक्कं झालं. सिनेवर्तुळात एक किस्सा अजून चवीनं सांगितला जातो, की 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबूराव पटेल यांनी काहीबाही छापलं म्हणून ती छडी घेऊन थेट त्यांच्या ऑफिसात गेली. किश्श्यांना मीठमसाला लागतो हे धरून चाला. पण दुसऱ्या कुठल्या नटीबद्दल असा किस्सा लोकांनी रचलाही नसता, हेही खरं.

पगारदार स्टार

इथे जरा थांबून त्या काळचा 'एचआर' समजून घेऊया. आज सिनेमातला स्टार म्हणजे फ्रीलान्सर, एकेका फिल्मचा करार. तेव्हा तसं नव्हतं. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज या कंपन्या कारखान्यासारख्या चालायच्या. सुतार, लाइटवाला, कारकून, हिरॉईन सगळे महिन्याच्या पगारावर. करार कंपनीचा, बाहेर काम करायचं नाही, कुठला रोल मिळणार ते कंपनी ठरवणार. सिनेमा गल्ला भरून चालला म्हणून तुमचा पगार आपोआप वाढणार नाही. शांताचा प्रभातमधला 'गोपाळकृष्ण' १९३८ला आला, दामले-फत्तेलालांचा. त्यात ती राधा होती, दुसऱ्यांदा.

१९३९मध्ये पगार आणि करार यावरून तिचं आणि कंपनीचं फाटलं. आणि जुलैमध्ये तिनं ते केलं, जे आजवर कुठल्या स्टारनं केलेलं मी तरी ऐकलेलं नाही. ती स्टुडिओच्या गेटवर उपोषणाला बसली.

उपोषणच का? पुण्याला हा शब्द नवा नव्हता. १९३२ साली गांधीजींचं उपोषण इथेच येरवड्याच्या तुरुंगात झालं होतं आणि १९३९च्याच मार्चमध्ये राजकोटला ते पुन्हा उपाशी बसले होते. म्हणजे सगळ्या देशाला कळणारी ती भाषा होती. पण ती वापरायची कुणी, तर नेत्यांनी. मोठ्या, देशाच्या कारणासाठी. एका सिनेमातल्या बाईनं पगारासाठी? अनेकांना हा नटीचा स्टंट वाटला असणार. मला उलट वाटतं. तिनं एक साधी गोष्ट उघड्यावर आणली, की ही जिला तुम्ही देवी म्हणून टाळ्या वाजवता ती इथे नोकरी करते. आत चमकणारी राधा आणि बाहेर गेटवर बसलेली कामगार, दोन्ही एकच बाई.

उपोषण फार दिवस चाललं नाही. कंपनी काही कोसळली नाही. प्रभातनं त्याच वर्षी 'माणूस' काढला, त्याची हिरॉईन दुसरी शांता, शांता हुबळीकर. आणि आपली शांता प्रभातमधून बाहेर पडली.

तिकडे हॉलिवूडमध्ये

आता योगायोग बघा. त्याच १९१६ साली जन्मलेली आणखी एक मुलगी होती, ऑलिव्हिया डी हॅविलंड. 'गॉन विथ द विंड'मधली मेलनी. तीही पगारदार, वॉर्नर ब्रदर्सची. तिथला नियम तर आणखी भारी होता. रोल नाकारला तर बिनपगारी सस्पेन्ड, आणि जितके दिवस सस्पेन्ड तितके दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. म्हणजे सात वर्षांचा करार सात वर्षांत संपायचाच नाही! बेटी डेव्हिस ही त्याच कंपनीची दुसरी अभिनेत्री १९३६ साली कंटाळून इंग्लंडला निघून गेली, तर कंपनीनं तिला लंडनच्या कोर्टात खेचलं आणि ती हरली. परत येऊन निमूटपणे काम करू लागली.

डी हॅविलंडनं १९४३ला कॅलिफोर्नियात केस टाकली. जवळजवळ दोन वर्षं तिला काम नव्हतं. पण ती जिंकली. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरवरची सात वर्षं, असा निकाल लागला आणि तो नियम आजही तिथे तिच्या नावानं ओळखला जातो. नंतर तिनं दोन ऑस्कर मिळवली आणि २०२० साली एकशे चार वर्षांची होऊन गेली.

शांता आपटेच्या नावाचा कुठला कायदा नाही. तिच्याकडे तसा कायदाच नव्हता, ज्याच्यावर बोट ठेवून कोर्टात जाता येईल. युनियन नव्हती, एजंट नव्हता, भाऊ होता. म्हणून गेट.

जाऊ मी सिनेमात?

पण तिनं आणखी एक केलं, आणि याचं मला उपोषणापेक्षा जास्त कौतुक वाटतं. पुढच्याच वर्षी, १९४०ला, तिनं पुस्तक लिहिलं. नाव 'जाऊ मी सिनेमात?'. प्रश्नचिन्हासकट. सिनेमात जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलामुलींसाठी. आजची एखादी स्टार असं पुस्तक लिहील तर त्यात काय असेल? माझा प्रवास, माझं डाएट, माझा पहिला ऑडिशन, स्वतःवर विश्वास ठेवा. शांतानं लिहिलं ते धंद्याबद्दल. पैसा लावणारे कोण, राबणारे कोण, कलाकाराची शक्ती कशी पिळून घेतली जाते. चोविसाव्या वर्षी. आपण त्या वयात लिंक्डइनवर 'थ्रिल्ड टु अनाउन्स' लिहीत असतो.

आणि हे लिहून झाल्यावर ती घरी बसली नाही, सिनेमातच काम करत राहिली. १९४१ला मद्रासला जाऊन तमीळ 'सावित्री' केला. मराठी मुलगी तमीळ शिकून सावित्री झाली आणि त्याच सिनेमात नारद कोण होतं माहितीय? एम. एस. सुब्बुलक्ष्मी! मग १९४२ला लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार'. म्हणजे पुणे, मद्रास, लाहोर, सगळीकडे. फ्रीलान्सर झाल्यावर माणूस किती फिरतो ते आम्हाला विचारा.

१९४६चा 'सुभद्रा' मास्टर विनायकांचा. त्यात शांताबाईंबरोबर एका नव्या मुलीनं गायलंय, तिचं नाव लता मंगेशकर. एका ट्रॅकवर दोन काळ. प्लेबॅक आता पुरता रुळला होता. दिसणारी वेगळी, गाणारी वेगळी. जी बाई दोन्ही एकदम करू शकत होती तिचं जे खास होतं, त्याची गरजच संपली. याला कुणी व्हिलन नाही. टेक्नॉलॉजी बदलली आणि स्किल सेट जुना झाला, हे आपल्यालाही नवीन नाही. १९४९चा 'स्वयंसिद्धा' चांगला चालला, पण पन्नाशीच्या दशकात कामं विरळ होत गेली. १९६४च्या २४ फेब्रुवारीला मुंबईत अंधेरीला त्या गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. मराठी रंगभूमीवर आणि मालिकांत दिसलेल्या नयना आपटे या त्यांच्या कन्या.

प्रभात तर त्याआधीच, १९५३ला, बंद पडली होती. १९६०ला त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि शांताबाई गेल्या त्याच फेब्रुवारी महिन्यात पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. जानेवारी २००३मध्ये तिथल्या नायट्रेट फिल्म्सच्या गोदामाला आग लागली, त्यात प्रभातच्याही मूळ रिळांचा बळी गेला. 'कुंकू' मात्र सुदैवानं अजून बघायला मिळतो. एखाद्या रविवारी बघा. पहिल्या वीस मिनिटांत नीरा काकासाहेबांसमोर ज्या पद्धतीनं उभी राहते ते बघा आणि मग स्वतःच ठरवा, शांतारामांनी तिला तसं उभं राहायला शिकवलं होतं की ती मुळातच तशी होती.