दिवा लागला, पण दोष कोठे?

जर्मनीतील आउडी कंपनीने १९९८ साली ‘टीटी’ नावाची एक देखणी, वाटोळ्या पाठीची स्पोर्ट्स गाडी बाजारात आणली. तिच्या रूपाची सर्वत्र वाहवा झाली. परंतु लवकरच अशुभ वार्ता येऊ लागल्या. महामार्गावर अतिवेगाने जाताना चालकाने एकाएकी वळण घेतले की गाडीचा मागचा भाग ताब्यात राहीना. अपघात झाले, माणसे दगावली. अखेर १९९९-२००० च्या सुमारास कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या, चाकांवरील बांधणीत फेरफार केले, तोल सावरणारी विद्युत्-यंत्रणा बसविली आणि मागील झाकणावर एक लहानशी फळी जोडली. हीच फळी ‘स्पॉइलर’ या नावाने ओळखली जाते.

एवढ्याशा फळीचे एवढे महत्त्व का, असे वाचक विचारतील. वादळात घरावरचे पत्रे उडालेले आपण पुष्कळदा पाहिले आहेत. छपरावरून हवा वेगाने वाहू लागली की तिचा तेथील दाब कमी होतो, आणि आतील हवा पत्र्याला वर रेटते. वाटोळ्या पाठीच्या गाडीचेही तसेच होते. मागील चाकांवरील भार हलका होऊन त्यांची रस्त्यावरील पकड सुटू लागते. शिवाय हे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरला जेवढे असेल, त्याच्या चौपट १२० ला आणि नऊपट १८० ला! स्पॉइलर हा हवेचा सुरळीत प्रवाह मोडतो व वर उचलणारे बळ घटवितो.

मंद गतीत मात्र या फळीचा उपयोग नसतो, आणि उभी फळी मागील दृश्य अडविते. म्हणून वेग वाढताच आपोआप वर येणारी व मग खाली बसणारी फळी निघाली. फोक्सवॅगनच्या ‘कॉराडो’ गाडीत ती १९८८ साली आली. पाठोपाठ पोर्शच्या ‘९११’ गाडीतही आली. १९९६ साली निघालेल्या पोर्श ‘बॉक्स्टर’मध्ये ती ताशी सुमारे १२० किलोमीटरला वर येते व वेग ८० च्या आसपास उतरला की खाली बसते. गाडी उभी असताना फळी वर करून पाहण्यासाठी निराळा स्विचही असतो. फळीने आज्ञा पाळली नाही, तर चालकासमोर एक दिवा लागतो.

दिवा लागताच पुष्कळ जण नवी मोटर मागवितात. खर्च होतो, मोटर बसते, आणि दिवा पुन्हा लागतो! कारण आज्ञा गेली पण अपेक्षित जबाब आला नाही, एवढेच तो दिवा सांगतो. दोष कोणाचा, हे तो सांगत नाही. त्यासाठी आज्ञेची वाट नीट ओळखली पाहिजे.

गाडीचा वेग किती, ही खबर प्रथम नियंत्रक पेटीकडे जाते. ती पेटी विजेच्या मोटरीस चालना देते. बॉक्स्टरमध्ये या मोटरीपासून डाव्या व उजव्या बाजूस दोन लवचीक दांडे जातात. स्कूटरच्या स्पीडोमीटरची केबल आवरणाच्या आत फिरते, तद्वतच हे दांडे फिरतात आणि दोन्ही टोकांची उचलयंत्रे फळीस वर करतात. अशा रचनेत फळी शेवटच्या जागी पोहोचल्याची वर्दी बहुधा एखादा लहान स्विच देतो.

आता परीक्षा. गाडी उभी ठेवून स्विच दाबावा आणि कान देऊन ऐकावे. फळी सुरळीत वर आली, पण रस्त्यावर वेगात येत नसेल, तर मोटर व दांडे निर्दोष आहेत. शोध वेगाच्या खबरीचा वा पेटीचा घ्यावा. मोटरीचा आवाज येतो पण फळी हलत नाही, तर दांडा निसटला असेल किंवा त्याचे टोक झिजले असेल. एकच बाजू वर येऊन फळी तिरपी झाली, तर दोष वर न आलेल्या बाजूच्या दांड्यात वा उचलयंत्रात आहे. तेथे स्विच पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे मोडतोडीस आमंत्रण. फळी पूर्ण वर येऊनही दिवा विझत नसेल, तर फळी खरी आणि वर्दी खोटी, असे समजावे.

काहीच आवाज नसेल, तर आधी स्वस्तातल्या वस्तू पाहाव्यात. बॅटरी अशक्त आहे काय? फ्यूज जळला आहे काय? जळला असल्यास तितक्याच अँपियरचा घालावा. मोठा घातल्यास वायरच जळावयाची. मग एकाने स्विच दाबावा व दुसऱ्याने मोटरीच्या जोडणीवर टेस्ट लॅम्प धरावा. वीज पोहोचूनही मोटर गप्प असेल, तर मोटर बिघडली आहे किंवा यंत्रच जाम झाले आहे. वीज पोहोचत नसेल, तर मोटरीस दोष देऊ नये. रिले, स्विच व वायरी मागे मागे तपासत जावे. झाकण उघडता-मिटताना बिजागरीपाशी वायर रोज वाकते. ती वरून धड दिसते, पण आतून तुटलेली असते. कधी कधी सुकलेले ग्रीस व साचलेला पालापाचोळाच फळीस अडवून धरतो.

हे करताना बोटे फळीच्या फटीत घालू नयेत. ती अवचित मिटते. आणि दोष सापडेपर्यंत गाडी जपून, कमी वेगाने चालवावी. टीटी गाडीवरील त्या चालकांना फळीची किंमत आधी कळली नव्हती. आपणांस आता ती ठाऊक आहे. दिवा आपल्याला जागे करतो. पण दोषी कोण हे ठरविण्यापूर्वी प्रत्येकाची साक्ष घेण्याचे काम माणसाचेच आहे.