मासे सोडण्यापूर्वी नदी ओळखा

नद्या-तलावांत मत्स्यबीज सोडण्याचे समारंभ आपल्याकडे आता नित्याचे झाले आहेत. किती लाख बोटुकली सोडली याचा आकडा जाहीर होतो आणि नदी समृद्ध झाली, असे समाधान सर्वांनाच लाभते. परंतु कोणत्या नदीत कोणता मासा सोडला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो का विचारला पाहिजे, हे समजण्यासाठी दख्खनच्या महसीरचा इतिहास पाहावा.

हा मासा आपल्या घरचा. कोळी-भोई त्याला खडची म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ‘खुद्री’ हे येथील नावच त्याला कायमचे दिले. रुपयाएवढे मोठे खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, ही त्याची ओळख. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. गोगलगायी आणि शिंपले तो तेथे भरडतो. नदीकाठच्या झाडांची पडलेली फळेही त्याला वर्ज्य नाहीत. काठावरची झाडे तोडली की त्याच्या ताटातले अन्न कमी होते, हे त्यावरून उघड आहे.

त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पावसाळ्यात नदी फुगली की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या उथळ तळावर अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने त्याची अंडी मोठी, पण थोडी. साहजिकच एकदा संख्या घटली की ती लवकर भरून येत नाही. चढणीच्या वाटेवर धरण उभे राहिले, तळाची वाळू उपसली गेली, शहराचे सांडपाणी प्रवाहात मिसळले आणि डोहात सुरुंग उडू लागले, की या माशाने जगावे कोठे?

आपल्या परंपरेने त्याला काही डोहांत अभय दिले. महाड तालुक्यातील वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे कोणी मारीत नाही. तेथे माणसाच्या हातून खाणारे महसीर आजही पाहावयास मिळतात. श्रद्धेने जे साधले ते पुष्कळदा कायद्यालाही साधलेले नाही. तथापि डोह म्हणजे नदी नव्हे. वरचा प्रवाह आटला किंवा नासला, तर देवीच्या डोहातील मासेही वाचणार नाहीत.

विज्ञानाने दुसरा मार्ग काढला. १९७० नंतर लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात या माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. दुर्मिळ होत चाललेल्या माशाची बोटुकली मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. हे काम निःसंशय मोलाचे होते. परंतु ती दख्खनबाहेर कावेरीतही सोडली गेली, आणि तेथेच खरी अडचण उद्भवली.

कावेरीला तिचा स्वतःचा कुबडाचा महसीर होता. ५० किलोंहून अधिक वजनाचे मासे तेथे गळाला लागल्याच्या नोंदी आहेत. १९९८ ते २०१२ या काळातील हौशी गळकऱ्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा बाहेरून आणलेला महसीर वाढत गेला आणि मूळचा घटत गेला, असे दिसून आले. या मूळ माशाची शास्त्रीय ओळख निश्चित व्हायला २०१८ साल उजाडले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्याच्या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगही जबाबदार आहेत, हे खरे. तरीही सद्हेतूने सोडलेल्या बोटुकल्यांनी त्या संकटात भर घातली, ही शंका दूर सारता येत नाही. नाव ठाऊक होण्यापूर्वीच एका माशाची जागा दुसऱ्याने घ्यावी, यापरते दुर्दैव कोणते?

यातून घ्यावयाचा धडा प्रजननकेंद्रे बंद करा, असा नाही. ज्या नदीचे बीज त्याच नदीत सोडावे, आणि तत्पूर्वी त्या नदीत काय आहे याची नोंद करावी, एवढाच आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पावसाळ्यात माशांची चढणीची वाट मोकळी ठेवणे आणि उन्हाळ्यात धरणाखाली थोडे पाणी वाहते ठेवणे. या दोन गोष्टींचे समारंभ होत नाहीत, त्यांचे आकडेही जाहीर करता येत नाहीत. पण ज्या मुळा-मुठेने खडचीला शास्त्रात नाव मिळवून दिले, त्या प्रवाहांची आजची दशा पाहिली, म्हणजे बोटुकल्यांची नव्हे, तर त्यांना जगवील अशा पाण्याचीच उणीव आहे, हे निराळे सांगावयास नको.