कॅसिनो-चिप्सची साठवणूक व वाहतूक : वस्तूची राखण आणि मोजणीची राखण

प्रस्तावना

'चिप्स' हा शब्द उच्चारताच आपल्याकडे प्रथम बटाट्याचे वेफर्स आठवतात. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो जुगारगृहात रोख पैशाऐवजी मेजावर मांडल्या जाणाऱ्या गोल चकत्यांचा. त्यातही, एखाद्या स्पर्धेसाठी वा समारंभासाठी अशा चकत्या हजारोंच्या संख्येने साठवाव्या लागतात, एका गावाहून दुसऱ्या गावी न्याव्या लागतात, तेव्हा कोणते प्रश्न उभे राहतात हे पाहावयाचे आहे. महाविद्यालयीन नियतकालिकाच्या वाचकांना हा विषय काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. परंतु वाणिज्य, आदरातिथ्य-व्यवस्थापन आणि कार्यक्रम-संयोजन या शाखांतून बाहेर पडणारे विद्यार्थी गोव्यातील नौकांवर, मुंबईतील संयोजन संस्थांत काम शोधतात. टेम्पोमध्ये मागे ठेवलेल्या पेट्यांत काय आहे आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे, हे त्यांना बहुधा कोणी समजावून सांगत नाही.

चिप स्वतः फारशी मौल्यवान नसते. तिचे मोल, ती देणाऱ्याने दिलेल्या वचनात आणि त्या वचनाच्या हिशेबात असते. त्यामुळे साठवणुकीत व वाहतुकीत वस्तूपेक्षा मोजणी अधिक जपावी लागते. या एका मुद्द्याभोवती पुढील विवेचन केले आहे.

चिपचे स्वरूप

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या नियमांत चिपची मापे ठरवून दिलेली आहेत. सर्वसाधारण खेळांसाठी व्यास १.५५ इंच, म्हणजे सुमारे ३९ मिलिमीटर, आणि जाडी ०.१३ इंच, म्हणजे सुमारे ३.३ मिलिमीटर. जगभर बहुतेक ठिकाणी याच मापाच्या आसपासच्या चिप्स वापरल्या जातात. काही साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या असून वजनासाठी त्यांच्या पोटात धातूची चकती बसवलेली असते. काही माती व रेझिनच्या मिश्रणावर दाब देऊन केलेल्या, तर काही 'सिरॅमिक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पृष्ठभागावर रंग मुरवून छापलेल्या असतात. एका चिपचे वजन साधारणतः ८ ते १४ ग्रॅम भरते. तुलनेसाठी सांगावयाचे तर आपले दहा रुपयांचे नाणे ७.७१ ग्रॅमचे आहे.

कडेवर दिसणारे रंगीत ठिपके वा पट्टे केवळ शोभेसाठी नसतात. वीस चिप्सची चळत आडवी ठेवली की फक्त कडा दिसतात. त्यांत एखादी परकी चिप शिरली तर पट्ट्यांची रांग मोडते आणि ती न उचलताही डोळ्यांत भरते. चिप्स ज्या खाचेदार ट्रेमध्ये ठेवतात त्याची रचनाही याच हिशेबाने केलेली असते : पाच रांगा, प्रत्येक रांगेत वीस, एकूण शंभर. एखादी रांग अपुरी असल्यास ती दुरूनही कळते. मोजणी अशी वस्तूच्या आकारातच गुंफलेली आहे, आणि साठवणुकीचा पहिला नियम त्यातूनच निघतो : चिप्स कधीही पिशवीत वा डब्यात सुट्या ठेवू नयेत. सुट्या चिप्स हरवत नाहीत असे नाही. पण हरवल्या तरी कळत नाही, हा खरा दोष.

वजनाचा प्रश्न

पाचशे खेळाडूंच्या एका पोकर स्पर्धेचे उदाहरण घेऊ. प्रत्येकास आरंभी तीस चिप्स द्यावयाच्या तर पंधरा हजार चिप्स लागतात. पुढील फेऱ्यांसाठी मोठ्या आकड्यांच्या चिप्स आणि राखीव साठा मिळून आणखी पाच हजार धरू. अशा वीस हजार चिप्स दहा ग्रॅमच्या दराने २०० किलो भरतात. आकारमान मात्र सुमारे शंभर लिटर, म्हणजे नेहमीच्या २०० लिटरच्या पिंपाचा अर्धा भाग. टेम्पोत जागा उरते, पण पेटीचा तळ सुटतो, अशी ही वस्तू आहे.

नवखा संयोजक येथेच चुकतो. रिकामी जागा दिसते म्हणून तो एकाच मोठ्या ट्रंकेत साठ ट्रे रचतो. ती ट्रंक एका माणसाला उचलवत नाही. मग ती ओढली जाते, आपटते, आतील ट्रेंच्या कडा तडकतात आणि चिप्स सांडतात. एका पेटीत दहा ते पंधरा ट्रे, म्हणजे एका माणसाला उचलता येईल इतकेच वजन, हे अधिक शहाणपणाचे. ट्रे अर्धवट भरलेला असेल तर मोकळी जागा फोमने वा कापडाने घट्ट भरावी. अन्यथा मनोरपर्यंतच्या रस्त्यावरच चिप्स एकमेकींवर घासून छपाई पुसट होऊ लागते. चिकटवलेल्या लेबलांच्या स्वस्त चिप्स उन्हात बंद गाडीत ठेवल्यास लेबलांचा डिंक सैलावतो. आपल्या किनारपट्टीवरील पावसाळ्यात पत्र्याच्या गोदामात साठा करताना पेट्या जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवाव्यात, हे वेगळे सांगावयास नको.

वजन करून मोजणी करता येईल काय, असा प्रश्न सहज सुचतो. उत्तर अंशतः होकारार्थी आहे. शंभर चिप्सच्या ट्रेत एक चिप कमी असेल तर फरक एक टक्क्याचा पडतो आणि चांगल्या काट्यावर तो दिसू शकतो. मात्र झिजलेल्या व नव्या चिप्सच्या वजनातील तफावत जमत जाऊन तेवढीच होऊ शकते. शिवाय शंभरच्या आणि पाच हजारांच्या चिपचे वजन बहुधा सारखेच असल्याने, एकीच्या जागी दुसरी ठेवली तर काटा काहीच सांगणार नाही. काटा हा मोजणीचा पडताळा आहे, मोजणी नव्हे.

दोन कुळे, दोन धोके

चिप्सची दोन कुळे आहेत. पहिले मूल्यधारी चिप्सचे : खजिन्याच्या खिडकीवर दिल्यास त्यांचे पैसे मिळतात. नेवाडाच्या नियमांत यांचे स्वरूप नेमके मांडले आहे. चिप ही धारकाची मालमत्ता नसून ती देणाऱ्या परवानाधारकाचीच असते. धारकाला असलेल्या देण्याचा ती केवळ पुरावा असते. वाणिज्याच्या भाषेत बोलावयाचे तर बाहेर असलेली प्रत्येक चिप ही ताळेबंदातील दायित्वाची बाजू आहे.

याचा प्रत्यय १४ डिसेंबर २०१० रोजी लास वेगसमधील बेलाजिओ येथे आला. हेल्मेट घातलेल्या एका दुचाकीस्वाराने पहाटे मेजावरून सुमारे १५ लाख डॉलर दर्शनी मूल्याच्या चिप्स पळवल्या. कॅसिनोने त्या मालिकेतील २५,००० डॉलरच्या चिप्स बाद करण्याचे जाहीर केले आणि त्या परत करण्यासाठी २२ एप्रिल २०११ ही मुदत दिली. त्या तारखेनंतर चोराच्या हाती उरणार होत्या त्या निव्वळ चकत्या. ही सोय रोख रकमेच्या चोरीत नसते. अर्थात चिप्स बाद करावयाच्या तर आपण किती दिल्या, किती परत आल्या आणि किती बाहेर आहेत, हे ठाऊक असावे लागते.

दुसरे कूळ स्पर्धेच्या चिप्सचे. यांच्यावर मोठे आकडे असतात, पण त्यांना रोख किंमत नसते. त्या केवळ गुण दाखवतात. म्हणून त्यांची राखण सैल ठेवण्याकडे संयोजकांचा कल असतो. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतील बोर्गाटा येथे या समजुतीला धक्का बसला. २० लाख डॉलरच्या हमीच्या एका पोकर स्पर्धेत ४,८१४ प्रवेशिका आल्या होत्या. एका खेळाडूने बाहेरून आणलेल्या ५,००० आकड्याच्या १६० बनावट चिप्स खेळात मिसळल्या. २७ खेळाडू उरले असताना स्पर्धा स्थगित करावी लागली आणि पुढे ती रद्द झाली. उरलेल्या बनावट चिप्स त्या खेळाडूने हॉटेलच्या शौचालयात टाकल्या. सांडपाण्याची नळी तुंबली आणि प्रकरण उघडकीस आले. रोख किंमत शून्य असलेल्या चिप्सनी हजारो लोकांची स्पर्धा मोडली. त्यामागे चोरी नव्हती, भर होती. कुलूप कमी होण्यापासून वाचवते. जास्त होण्यापासून फक्त मोजणी वाचवते.

ताबा आणि त्याची साखळी

हा मुद्दा प्राध्यापकवर्गाला फार समजावण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटे कोणाच्या ताब्यात, कोणाच्या समक्ष व किती वाजता उघडली, याची नोंद आपण करतोच. निवडणुकीच्या कामावर गेलेल्यांनी मतदानयंत्रांचे क्रमांकित सील, त्या क्रमांकांचे तक्ते, दुहेरी कुलपाची स्ट्राँग रूम हे सर्व अनुभवलेले आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि पुढे कोळगाव येथे जिल्हा मुख्यालयाचे संकुल उभे राहिले, तेव्हापासून तर ही कामे आपल्या दारातलीच झाली आहेत.

चिप्सच्या बाबतीतही साखळी तीच. निघताना दोघांनी स्वतंत्रपणे मोजून, आकडेवार तक्त्यावर सह्या करून पेटीला क्रमांकित सील लावावे. तक्त्याची एक प्रत पेटीत, एक गाडीत आणि एक गोदामात ठेवावी. पोहोचल्यावर सील तोडण्यापूर्वी त्याचा क्रमांक वाचावा. स्पर्धा सुरू असताना लहान आकड्यांच्या चिप्स काढून मोठ्या दिल्या जातात, तेव्हा काढलेल्या चिप्स तत्काळ मोजून कुलपात जाव्यात. गोंधळ बहुधा याच टप्प्यावर होतो, कारण सर्वांचे लक्ष खेळाकडे असते. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो परतीचा प्रवास. रात्री दोन वाजता दमलेली मुले 'उद्या मोजू' म्हणून पेट्या बंद करतात. त्या 'उद्या'ला निघालेली तूट हॉटेलात पडली, गाडीत पडली की कोणाच्या खिशात गेली, हे मग कोणालाही सांगता येत नाही आणि संशय सर्वांत कनिष्ठ माणसावर येतो. परतीची मोजणी त्याच रात्री, तेथेच होणे हे त्या कनिष्ठ माणसाचे संरक्षण आहे.

तंत्रज्ञानाने हे काम काही प्रमाणात सोपे केले आहे. लास वेगसमधील विन कॅसिनो एप्रिल २००५ मध्ये सुरू झाला तेव्हाच तेथील चिप्समध्ये रेडिओलहरींनी वाचता येणारे आरएफआयडी घटक बसवलेले होते. अशा चिप्स वाचकयंत्रावर ठेवताच संख्या व आकडा दोन्ही कळतात, बनावट चिप उघडी पडते. पण पोलादी ट्रंकेतून या लहरी आरपार जात नाहीत. म्हणजे जी पेटी चोरापासून अधिक सुरक्षित, तिच्यातील साठा बाहेरून वाचता येत नाही. पेटी निवडताना हे आधीच ठरवावे लागते.

गोव्यातील स्थिती

मराठी मुलुखाला लागून असलेल्या गोव्यात चिप्स हा रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम, १९७६ मध्ये १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना, आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरील नौकांना वाट मोकळी झाली. मांडवीतील नौकांवर माणसे पणजीच्या धक्क्यावरून लहान बोटींनी जातात, मालही पाण्यावरूनच जातो. साहजिकच चढवणे-उतरवणे एकदा अधिक होते, आणि प्रत्येक चढउतार हा ताब्याच्या साखळीतील एक सांधा असतो. प्रवेशशुल्कासोबत 'एकदाच खेळावयाच्या' चिप्स देण्याची रीतही तेथे आहे. त्या रोखीत बदलता येत नाहीत, म्हणून त्यांचा साठा व हिशेब मूल्यधारी चिप्सपासून अलग ठेवावा लागतो.

कराने या मोजणीला आणखी वजन आणले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, टोकन, चिप्स वा नाणी घेण्यासाठी खेळाडूने भरलेली पूर्ण रक्कम वस्तू व सेवा कराच्या आकारणीस धरली जाते; चिप्स परत करून घेतलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. हा दर तेव्हा २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. विकलेल्या चिप्सचा आकडा हाच करपात्र मूल्याचा आधार असल्याने, समारंभाच्या चिप्स चुकून मूल्यधारी साठ्यात मिसळणे ही आता केवळ आवराआवरीतील हयगय राहिलेली नाही.

महामार्गावरील पेटी

महाराष्ट्रात चित्र निराळे आहे. येथेही १९७६ साली कॅसिनो नियंत्रण व कर अधिनियम संमत झाला होता. पण तो कधी अमलात आणला गेला नाही आणि २०२३ साली तो रद्द करण्यात आला. लागू आहे तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. मटक्यावरील छाप्यांच्या बातम्यांत 'जुगाराचे साहित्य जप्त' हे शब्द आपण नेहमी वाचतो. या साहित्याची कायद्यातील व्याख्या व्यापक आहे : जुगाराचे साधन म्हणून वापरलेली वा वापरावयाच्या हेतूने ठेवलेली कोणतीही वस्तू तीत येते. नफ्यासाठी असे साहित्य जेथे ठेवले वा वापरले जाते ती जागा जुगाराचा अड्डा ठरू शकते. निव्वळ कौशल्याच्या खेळांना कायद्यात सूट आहे. पण पोकर त्यात बसतो की नाही यावर एकवाक्यता नाही, आणि शेजारच्या गुजरातच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकरला जुगारच मानले.

आता गोव्याहून दमणकडे चिप्सची एक पेटी निघाली अशी कल्पना करावी. ती गोव्याच्या कायद्यातून निघते, महाराष्ट्राच्या कायद्यातून मनोर-तलासरीपर्यंत येते, पुढे गुजरातच्या कायद्यात शिरते आणि दमणला पोहोचल्यावर पुन्हा १९७६ च्याच मूळ अधिनियमाच्या छायेत येते. वाटेत चिप्स बदललेल्या नाहीत, बदलला तो त्यांचा अर्थ. नाक्यावर गाडी थांबवल्यावर प्रश्नांना तोंड द्यावे लागते ते चालकाला आणि सोबतच्या बावीस वर्षांच्या व्यवस्थापन-साहाय्यकाला. पेटीचा मालक तेथे नसतो.

मनोरंजनाच्या समारंभात, जेथे पैसा लावला वा दिला जात नाही, तेथे चिप्स वापरणे व पैजेसाठी वापरणे यांत फरक आहे. पण तो फरक पेटीकडे पाहून कळत नाही, तो कागदांवरून कळतो. म्हणून डिलिव्हरी चलनात चिप्सची किंमत खरेदीच्या दराने, म्हणजे प्लॅस्टिकच्या मोलाने लिहावी. दर्शनी आकड्यांची बेरीज तेथे लिहिणे चूक आणि धोक्याचेही आहे. आंतरराज्य वाहतुकीत मालाचे मूल्य ५०,००० रुपयांपुढे गेल्यास ई-वे बिल लागते. समारंभ कोणाचा, कोठे, आणि त्यात पैशाची देवघेव नाही, असे आयोजकाचे स्वाक्षरीचे पत्र सोबत असावे. चिप्स मुळातच रुपयाच्या चिन्हाविना, समारंभाचे नाव छापून घेतलेल्या असल्यास अधिक बरे. आणि या सर्व कागदांची एक प्रत चालकाच्या हाती, त्याला वाचून दाखवून, गाडी निघण्यापूर्वी द्यावी.