पेशींनाही ब्रेक असतो

‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ असे आपण वर्गात नेहमी सांगतो. पण लढाई संपल्यावर या सैनिकांना थांबवते कोण, हे मात्र सांगायचे राहून जाते. आमवातात या पेशी आपल्याच सांध्यांवर हल्ला चढवतात. सांधे सुजतात, सकाळी बोटे वळत नाहीत, पुढे हाडेही झिजू लागतात. तेव्हा थांबता येणे हे लढण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पांढऱ्या पेशींचा एक प्रकार म्हणजे टी-पेशी. बाहेरचा संदेश पकडून आत पोचवणारे प्रथिनांचे रेणू तिच्या पृष्ठभागावर असतात. त्यांना ग्राही म्हणतात. काही ग्राही पेशीला ‘चल’ असा संदेश देतात, तर काही ‘थांब’ असा. ‘पीडी-१’ हा थांबवणारा ग्राही १९९२ मध्ये क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. टी-पेशी उत्तेजित झाली की तो तिच्या पृष्ठभागावर येतो. शेजारच्या पेशीवरचा जोडीदार रेणू त्याला चिकटला, की पेशीच्या आत एक विकर कामाला लागते आणि संदेशवाहक प्रथिनांवरचे फॉस्फेट गट काढून टाकते. मग ‘चल’ हा संदेश पुढे सरकत नाही.

हा ब्रेक नसेल तर काय होईल? होंजो यांच्या गटाने पीडी-१चे जनुक नसलेले उंदीर तयार केले. वय वाढले तसा त्यांच्यात सांध्यांचा आणि मूत्रपिंडांचा दाह दिसू लागला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कर्करोगात मात्र हाच ब्रेक आडवा येतो. तेथे ग्राहीवर प्रतिपिंड बसवून जोडीदार रेणूला दूर ठेवतात, म्हणजे टी-पेशी गाठीवर तुटून पडतात. अशा संशोधनासाठी होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या उपचारानंतर काही रुग्णांचे सांधे सुजतात, हेही बोलके आहे.

आमवातात याच्या उलट करायचे असते. येथे हवा असतो तो ग्राही नुसता झाकणारा नव्हे, तर दाबणारा प्रतिपिंड. सायकलच्या ब्रेकखाली लाकडाचा तुकडा अडकवणे वेगळे आणि ब्रेक दाबणे वेगळे! पेरेसोलिमॅब नावाच्या अशा प्रतिपिंडाची आमवाताच्या ९८ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. मोठी मात्रा घेतलेल्यांचा आजार १२ आठवड्यांत, औषधाचा अंश नसलेली मात्रा घेतलेल्यांपेक्षा अधिक उतरला. चाचणी लहान होती आणि थोड्या काळाची, हे विसरून चालणार नाही.

तरीही ही दिशा आम्हाला महत्त्वाची वाटते. स्टिरॉइडे साऱ्या प्रतिकारशक्तीलाच दडपतात. पीडी-१ मुख्यतः उत्तेजित पेशींवर असल्याने शांत पेशींना फारसा धक्का न लावता उपचार करता येईल, अशी आशा आहे. अर्थात ब्रेक फार दाबला तर जंतूंचे आणि कर्कपेशींचे फावेल, ही भीती आहेच.

म्हणून सैनिकांची उपमा देताना आपण एक वाक्य जोडू या: चांगला सैनिक थांबण्याचा हुकूमही ऐकतो.