विश्लेषण : बाळ सारखे रडते म्हणजे दूध पुरत नाही का? नव्या आईबाबांनी नेमके काय मोजावे?

बाळाला बघायला आलेले पाहुणे असोत की शेजारच्या काकू, रडणाऱ्या बाळाकडे पाहून एक वाक्य ठरलेले असते : ‘पोट भरत नसेल त्याचे, वरचे दूध सुरू करा.’ सल्ला मायेपोटीच दिलेला असतो. पण बाळाला दूध पुरते की नाही, हे केवळ रडण्यावरून ठरवता येत नाही. उलट पहिल्या आठवड्यात जे बाळ फारसे रडत नाही, पाजण्यासाठी उठवले तरी पुन्हा झोपी जाते, त्याची काळजी अधिक करायला हवी. पुरेसे दूध न मिळालेले बाळ सुस्त होते आणि घरच्यांना मात्र ते ‘शहाणे बाळ’ वाटत राहते.

रडणे नेमके कधी वाढते?

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते टोकाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. संध्याकाळी त्याचा जोर जास्त असतो. अंगावर पिणारी आणि बाटलीने पिणारी, दोन्ही बाळे अशीच रडतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा १५ दिवसांची मिळते आणि खासगी क्षेत्रासाठी तर तसा केंद्रीय कायदाच नाही. म्हणजे रडणे सर्वाधिक असते तेव्हा बहुतेक बाबा कामावर रुजू झालेले असतात आणि ‘दूध कमी पडते’ हा ठपका ऐकायला आई एकटीच घरी उरते.

वजन घटले, तर?

जन्मतः ३ किलोचे बाळ चौथ्या दिवशी २ किलो ८०० ग्रॅम भरले की घरात घबराट उडते. पण अंगातले जादा पाणी आणि पहिली काळपट शी बाहेर पडल्याने सुरुवातीला ७ ते १० टक्क्यांपर्यंत वजन घटू शकते. पहिले दोन-तीन दिवस आईला चीक येतो, तोही थोडाथोडाच. बाळाचे पोटही तेवढेच असते. सिझेरियननंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. घट १० टक्क्यांच्या पुढे गेली किंवा दोन आठवड्यांत जन्मवेळचे वजन भरून आले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. पुढचे तीन महिने दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. रोज वजन करण्याची गरज नाही. करायचे तेव्हा एकाच काट्यावर आणि कपडे काढून करावे.

घरच्या घरी मोजता येते ती लघवी. साधारण सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा वेळा लघवी होत असेल, तर दूध पोटात जाते आहे. डायपरमध्ये हा आकडा कळत नाही, म्हणून पहिले काही दिवस सुती लंगोटच बरे. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत शी काळ्याची पिवळी व्हायला हवी.

वरच्या दुधाने काय बिघडते?

दूध तयार होते ते मागणीप्रमाणे. बाळ जितके ओढेल तितके बनते. दूध वाढवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असते आणि आईला झोप मिळावी म्हणून बाटली दिली जाते तीही नेमकी रात्रीच. मागणी घटली की काही दिवसांत दूध खरोखरच कमी होते. मग ‘बघा, आम्ही म्हटले नव्हते का?’ असे म्हणायला सगळे मोकळे. दिवसातून ८ ते १२ वेळा पिणे, संध्याकाळी तर तासाभरातच पुन्हा मागणे, यात वावगे काही नाही.

याचा अर्थ पावडरचे दूध म्हणजे पाप, असा मुळीच नाही. काही बाळांना त्याची गरज असते, पण ती डॉक्टरांनी ठरवायची. १९९२च्या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काही रुग्णालयांत मानवी दुग्धपेढ्याही आहेत. आशियातील पहिली अशी पेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये मुंबईतील शीव रुग्णालयात सुरू केली.

पाणी, गुटी आणि मध यांचे उत्तर सोपे आहे. सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, विदर्भातल्या मे महिन्यातही नको, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. गुटीही नको. मध तर वर्षभर टाळावा, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळेच निव्वळ आईच्या दुधावर होती.

विचारायचे कोणाला?

रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन बाळाला तपासणे, वजन करणे अपेक्षित आहे. माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीच्या आलेखात मुलगा आणि मुलगी यांच्या रेषा वेगळ्या असतात. त्यातला एखादा ठिपका खाली दिसला म्हणून घाबरू नये, रेषा कुठे चालली आहे ते पाहावे.

मात्र दोन महिन्यांखालील बाळाने पिणे सोडले, ताप आला, अंग गार पडले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.